आपली पलटण

२०२५ सालच्या मे महिन्याचा अखेरचा दिवस होता. महाविद्यालयाच्या सुट्टीचे थोडे दिवस उरले होते, ते घालविण्यासाठी मी भोर तालुक्यातील आमच्या गावी थोरल्या बंधूंकडे जाऊन राहिलो होतो. त्या वर्षी पावसाने मृगाची वाट पाहिली नाही. मे संपण्यापूर्वीच तो असा ठाण मांडून बसला की, खाचरांत पाणी साचले आणि भाताचे रोप टाकण्यास वाफसा मिळेना. दादा ओसरीवर घोंगडी टाकून आभाळाकडे पाहत बसले होते. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, खांबाला टेकून मोबाइलमध्ये डोळे खुपसून होता आणि दर थोड्या वेळाने एखादे नाव व एखादा आकडा मोठ्याने सांगत होता. मुंबईस प्रो कबड्डी लीगच्या बाराव्या हंगामासाठी खेळाडूंचा लिलाव चालला होता. मी विचारीत होतो, तो सांगत होता. बराच वेळ हे ऐकून घेतल्यावर दादा म्हणाले, "बैलांचा बाजार चाललाय का रं?"

"न्हाय आबा, आपल्या पलटणीला गडी घेत्यात."

"आपली म्हंजी? त्यात आपल्या गावचं कोन हाय? तालुक्याचं तरी?"

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. पंचवीस वर्षांहून अधिक काळ मी तत्त्वज्ञान शिकवीत आलो आहे. परंतु त्या क्षणी मलाही उत्तर सुचले नाही. दादांना उत्तराची तशी गरजही नव्हती. ते पुन्हा आभाळाकडे पाहू लागले. माझ्या मनातून मात्र तो प्रश्न गेला नाही. 'आपली' या शब्दाचा अर्थ काय, आणि जिला आपण आपली म्हणतो तिचे आपण काय लागतो, याचा विचार मी पुढे कित्येक दिवस करीत राहिलो. तोच येथे वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम माझी कबुली देऊन टाकतो. पन्नाशी उलटलेल्या, पांढऱ्या केसांच्या प्राध्यापकाने एखाद्या कबड्डी संघाच्या मागे लागावे याचे कित्येकांस हसू येईल. त्यातही हंगाम चालू असता दूरदर्शन संचापुढे बसणे एक वेळ क्षम्य ठरेल. पण हंगाम असतो दोन-अडीच महिन्यांचा. उरलेले नऊ-दहा महिने खेळ नसतो, असते केवळ खेळाची वार्ता. कोणास राखले, कोणास सोडले, नवा गुरू कोण, कोणाचा खांदा बरा झाला, हे सारे मी एखाद्या सावकाराने व्याजाचा हिशेब ठेवावा तसे ध्यानात ठेवीत असतो. खेळापेक्षा खेळ नसलेल्या महिन्यांतच माझे आणि पुणेरी पलटणीचे नाते अधिक दाट होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

हा खेळ माझ्या पिढीस नवा नव्हे. आमच्या लहानपणी त्यास हुतूतू म्हणत आणि तो देवळापुढच्या मातीत, चुन्याने नव्हे तर पायाच्या अंगठ्याने ओढलेल्या रेघांत चाले. १९९० साली बीजिंग येथील आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीचा प्रथमच समावेश झाला व भारताने सुवर्णपदक मिळविले, तेव्हा मी पुण्यास वसतिगृहात होतो. आपल्या अंगणातला खेळ जगाच्या पंक्तीस बसला याचा त्या वेळी झालेला आनंद आजही आठवतो. पुढे २०१४ साली आठ संघांची व्यावसायिक लीग निघाली. माती जाऊन मॅट आली, पायांत बूट आले. पुण्याचा संघ पहिल्यापासून त्यात होता आणि पहिली दोन वर्षे गुणतक्त्याच्या तळाशी होता. पुढे संघ आठाचे बारा झाले. साथीच्या आपत्तीमुळे २०१९ च्या ऑक्टोबरपासून २०२१ च्या डिसेंबरपर्यंत स्पर्धाच झाली नाही; आणि झाली तेव्हा बंगळुरास, प्रेक्षकांवाचून झाली. २०२२ च्या डिसेंबरात पलटण प्रथमच अंतिम सामन्यास पोहोचली व जयपूरकडून ३३-२९ अशी हरली. अखेर १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेस हरियाणाचा २८-२५ असा पराभव करून तिने विजेतेपद मिळविले. त्या रात्री मी व पुतण्या टेलिफोनवर बराच वेळ काही न बोलता नुसते हसत होतो.

आता दादांच्या प्रश्नाकडे वळू. जिच्यासाठी आम्ही हसलो ती 'पलटण' म्हणजे नक्की कोण?

खेळाडू म्हणजे संघ, हे पहिले उत्तर. पण खेळाडू तर बदलतात. २०२२ च्या अंतिम सामन्यात पलटणीचा कर्णधार इराणचा फझल अत्राचली होता. पुढच्याच हंगामात तो गुजरातकडून खेळला. विजयाच्या वर्षी डाव्या कोपऱ्यावर भिंतीसारखा उभा राहिलेला मोहम्मदरेझा शादलूई हाही इराणचाच; तोही लगोलग गेला. खेळाडू हाच संघ असता, तर दर वर्षी एक संघ मरून दुसरा जन्मास आला असे म्हणावे लागेल. मग गुरू म्हणजे संघ म्हणावे, तर विजयाच्या वर्षी बी. सी. रमेश होते, बाराव्या हंगामात अजय ठाकूर आले. मालक म्हणजे संघ म्हणावे, तर कायद्याच्या दृष्टीने ते खरे असेल. परंतु मालकाचे नाव घेऊन कोणी आरोळी ठोकल्याचे माझ्या ऐकिवात नाही. राहिले शहर. पण ज्यांना आम्ही पुणेरी म्हणतो त्यांतील पुष्कळ गडी हरियाणाचे, कोणी तमिळनाडूचा. आणि बाराव्या हंगामात तर या पुणेरी संघाचा एकही सामना पुण्यास झाला नाही. विशाखापट्टण, जयपूर, चेन्नई व दिल्ली एवढ्याच ठिकाणी ती स्पर्धा झाली. याप्रमाणे एकेक साल सोलीत गेले असता कांद्यासारखी अवस्था होते. हाती गाभा म्हणून काही लागत नाही.

ग्रीक लोकांत थीसियसच्या जहाजाची कथा प्रसिद्ध आहे. प्लुटार्कने ती नोंदविली आहे. जुनी फळी कुजली की नवी बसवावी, असे करीत सर्व फळ्या बदलल्यावर जहाज तेच राहिले की नाही, यावर तेथील विचारवंत वाद घालीत. वर्गात मी हे उदाहरण वर्षानुवर्षे दिले आहे. पण कबड्डीच्या संघापुढे ते अपुरे पडते. कारण जहाजाची काढलेली फळी शत्रूच्या जहाजास जाऊन बसत नाही आणि पुढल्या वर्षी आपल्याच जहाजावर आदळत नाही.

म्हणून मी जवळची उदाहरणे शोधू लागलो. आमच्या शेजारच्या वेल्ह्याकडे पाहा. शिवाजी महाराजांनी तोरण्याचे नाव प्रचंडगड ठेविले. पण आजही आमच्याकडील माणूस तोरणाच म्हणतो. उलट मुरुंबदेवाच्या डोंगराचे त्यांनी राजगड केले, आणि मुरुंबदेव हे नाव आता इतिहासाच्या पुस्तकांतच उरले आहे. खुद्द वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ च्या मार्चमध्ये घेतला. तेव्हा नाव टिकल्याने वस्तू टिकते म्हणावे, तर नाव बदलूनही गड तोच राहिला. आणि नाव वरून दिल्याने चिकटते म्हणावे, तर प्रचंडगड चिकटला नाही. लोकांनी तोंडी घेतले ते टिकले, एवढेच यावरून दिसते.

दुसरे उदाहरण दिंडीचे. आमच्या गावची दिंडी माझ्या आजोबांच्या वेळी होती, आजही आहे. त्या वेळचा एकही वारकरी आज हयात नाही. वीणा बदलली, पताका तर कितीदा तरी बदलल्या असतील. तरी ती तीच दिंडी आहे याविषयी कोणासही शंका येत नाही. कारण आषाढ जवळ आला की निघावयाचे, हा संकल्प एकाने दुसऱ्याच्या हाती दिला आणि त्याने तो घेतला. दिंडीचा गाभा माणसांत नाही, वस्तूंत नाही; तो या देण्याघेण्यात आहे. माझ्या मते संघाचेही असेच आहे. खेळाडू येतात, काही काळ वीणा गळ्यात घालतात आणि उतरवून ठेवतात. वीणा खाली पडू न देण्याचे काम, त्यांच्या नकळत, आमच्यासारखी बघी मंडळी करीत असतात.

हे खरे असेल, तर खेळ नसलेल्या महिन्यांस एक निराळे महत्त्व येते. हंगामात संघ डोळ्यांसमोर असतो. चढाई, पकड, लोण, पंचांची शिटी यांच्या गदारोळात त्याचे अस्तित्व कोणी सिद्ध करावे लागत नाही. हंगाम संपला की खेळाडू आपापल्या गावी किंवा नोकरीवर जातात, मैदानावर दुसरे कार्यक्रम होतात, आणि संघ म्हणून कोठे बोट दाखवावे अशी वस्तूच उरत नाही. त्या काळात संघ असतो तो वाट पाहणारांच्या मनात. वेळवंड खोऱ्यात कांबऱ्याजवळ भाटघर धरणाच्या पाण्याखाली एक जुने देऊळ आहे. वर्षातील बहुतेक महिने तेथे नुसते पाणी दिसते. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे ते देऊळ वर येते व लोक दर्शनास जातात. पाणी भरलेले असताना धरण सुंदर दिसते खरे, पण तळाशी काय आहे ते पाणी गेल्यावरच कळते.

येथवर आलो तेव्हा मला स्वतःचे थोडे कौतुक वाटू लागले होते. दादांना सांगण्याजोगे उत्तर सापडले असे वाटले. परंतु त्यांनी दोन प्रश्न विचारले होते, आणि पहिल्याचा मी विचारच केला नव्हता. ते म्हणाले होते, बैलांचा बाजार चालला आहे काय?

या बाजाराच्या भाषेत आम्ही दोघे किती सहज बोलत होतो! 'घेतला', 'सोडला', 'महाग पडला', 'एवढ्यात मिळाला तर बरा'. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात एक भेद सांगितला आहे. ज्या वस्तूची जागा दुसरी वस्तू घेऊ शकते तिला किंमत असते. ज्याची जागा दुसरे काहीही घेऊ शकत नाही त्यास प्रतिष्ठा असते, आणि ती मनुष्याची असते. हे मी वर्गात सांगतो आणि घरी येऊन एका मनुष्याच्या जागी दुसरा कितीस मिळेल याची चर्चा करतो.

यावर एक उत्तर आहे आणि ते खोटे नाही. लिलाव होतो तो मनुष्याचा नव्हे, त्याच्या सेवेचा. आणि तोही त्याच्या संमतीने. आमच्या लहानपणी गावोगाव उत्तम चढाई करणारे गडी होते. त्यांस जत्रेत एक ढाल व नारळ मिळे, आणि पस्तिशीनंतर तेच गडी मुंबईस पाठीवर पोती वाहत. नशीब असेल त्यास रेल्वेत, पोलिसांत किंवा बँकेत नोकरी मिळे. आज अहिल्यानगर जिल्ह्यातील एका साध्या घरातला अस्लम इनामदार विजेत्या पलटणीचा कर्णधार होतो आणि या खेळावर घर उभे करतो, याचे दुःख मानणारा मनुष्य दुष्टच म्हटला पाहिजे. पैसा मिळतो हा दोष नव्हे. दोष असेल तर तो आमच्या जिभेत आहे. आणि जीभ मनाचा पत्ता सांगते.

माझे मन कोठवर गेले होते याचा अनुभव मला २९ डिसेंबर २०२४ रोजी आला. अकराव्या हंगामाचा अंतिम सामना पुण्यास, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात होता. पलटण त्यात नव्हती. हरियाणा व पाटणा यांची गाठ होती. तिकिटे आधी काढलेली, म्हणून मी गेलो. हरियाणाच्या बाजूने शादलूई खेळत होता. दहा महिन्यांपूर्वी ज्याच्या प्रत्येक पकडीस मी टाळी दिली, त्याच्यासाठी ऑगस्टमधील लिलावात हरियाणाने २ कोटी ७ लाख रुपये मोजले होते. सामना हरियाणाने ३२-२३ असा जिंकला. विजेत्यांचे कौतुक चालले असता भोवतालचे लोक उभे राहून टाळ्या वाजवीत होते. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. 'आमच्याच मैदानावर येऊन दुसऱ्यासाठी जिंकला', असे काहीसे माझ्या मनात होते. मी त्यास बेइमान ठरवीत होतो.

घरी येताना, बसमध्ये, त्या आरोपाची तपासणी करण्याइतके भान मला आले. त्याने आम्हांस सोडले होते काय? नाही. लिलावापूर्वी आमच्या संघाने त्यास राखले नव्हते. जो सोडला गेला त्यासच मी सोडून गेल्याचा दोष देत होतो. निष्ठेची अपेक्षा मी दुसऱ्याकडून करीत होतो, आणि जो करार त्याने पूर्णपणे पाळला तो त्याच्या बाजूने नव्हे, आमच्या बाजूने संपला होता. एक टाळी देणे मला अवघड गेले. पुढे गुजरातने त्यास घेतले. म्हणजे तीन वर्षांत तीन संघ. प्रत्येक ठिकाणी त्याने अंगातले सारे बळ लावले. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याचे मीठ खावे त्याचे काम चोख करावे, ही निष्ठा माझ्या निष्ठेहून हलकी कशावरून?

तथापि एवढ्यावर हा हिशेब मिटला असता, तर हा लेख लिहिण्याचे मला प्रयोजन नव्हते. मला खरी लाज वाटावी अशी गोष्ट त्या लिलावाच्या दिवशीच, ओसरीवर घडली.

संध्याकाळी पुतण्या पाणी आणावयास उठला. उठताना त्याने खांबाला धरले, उजवा पाय सरळ ठेवला आणि डाव्यावर सारा भार घेऊन तो उभा राहिला. मी विचारले, "गुडघा दुखतो का रे?"

"सहा महिने झालं, काका."

तो चांगला खेळाडू. गावच्या मंडळाकडून खेळे. पुढे शिरवळच्या एका कारखान्यात कामाला लागल्यावर तो सुटीच्या दिवशी सरावासाठी एका प्रशिक्षणकेंद्रात जाऊ लागला. तेथे पकड करताना गुडघा फिरला. चार दिवस बर्फ लावण्यास सांगितले, पाचव्या दिवशी दुसरा मुलगा त्याच्या जागी आला. पुन्हा कोणी विचारले नाही. हे झाले २०२४ च्या नोव्हेंबरात.

नोव्हेंबर म्हणताच माझ्या मनात चमकले. त्याच सुमारास अस्लम इनामदारच्या गुडघ्यास दुखापत होऊन तो अकराव्या हंगामाच्या उरलेल्या सामन्यांस मुकला होता. त्या दिवसांत मी रोज सकाळी प्रथम त्या गुडघ्याची बातमी शोधीत असे. दुखापत कोणती, किती महिने लागतील, पुन्हा पूर्ववत होईल काय, हे मी एका डॉक्टर मित्रास विचारून घेतले होते. ती माहिती मी टेलिफोनवरून सांगितली कोणाला? याच पुतण्याला. तो ऐकून घेत होता, मधूनमधून "व्हय का?" म्हणत होता, आणि त्या वेळी तो स्वतः शिरवळच्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडलेला होता. "मग मला का बोलला नाहीस?" असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "तुमी इचारलं न्हाय." त्यात तक्रार नव्हती. माणसाने वेळ सांगावी तसे त्याने ते सांगितले.

मी हे एका स्नेह्यांस सांगितले. ते अर्थशास्त्राचे अध्यापक, व्यवहारी गृहस्थ. ते म्हणाले, "यातून निष्कर्ष सरळ आहे. दूरच्यांवरचे प्रेम स्वस्त असते, म्हणून ते सर्वांस परवडते. अस्लमचा गुडघा दुखला तर तुम्हांस हळहळ वाटते, रुपया खर्च होत नाही, रजा काढावी लागत नाही. तेव्हा हा नाद सोडा आणि घरच्यांकडे पाहा." त्यांच्या म्हणण्याचा पहिला भाग मला संपूर्ण मान्य आहे. दूरच्या प्रेमात आपणांस कोणी उलटून काही मागत नाही. हेच त्याचे सुख आणि हाच त्याचा धोका. परंतु नाद सोडल्याने घरच्यांकडे लक्ष जाईलच, हे कशावरून? माझ्या ओळखीत असे पुष्कळ आहेत की, ज्यांस कोणत्याच संघाची, कोणत्याच दिंडीची ओढ नाही, आणि तरीही त्यांना पुतण्याचा गुडघा दिसत नाही.

मला वाटते, लक्ष देणे ही एक सवय आहे आणि ती कोठेतरी लागावी लागते. आठ-नऊ महिने डोळ्यांसमोर नसलेल्या वस्तूची विचारपूस करणे, ती हरली तरी तिची वाट पाहणे, तिच्या दुखण्याखुपण्याचा हिशेब ठेवणे, हे सोपे नाही. ते मी पलटणीसाठी विनासायास करीत होतो. म्हणजे ती शक्ती माझ्यात नव्हती असे नाही. मी ती एकाच दिशेस वाहू दिली होती. भाटघरच्या पाण्याने दूरची शेते भिजतात याबद्दल आमच्या खोऱ्यातल्या कोणी त्या पाण्यास दोष देत नाही. तक्रार असते ती काठावरचे गाव कोरडे राहिले याची. पाट दोन्ही बाजूंस काढता येतो.

माझ्या गावचाही एक संघ होता, हे मी जवळजवळ विसरलो होतो. भैरवनाथाच्या देवळापुढे त्याचे मैदान. चैत्रातील जत्रेच्या दिवशी तेथे सामने होत. मंडळातील मुले एकेक करून शिरवळ, पुणे, मुंबई येथे कामास गेली. एका वर्षी सात गडी जमले नाहीत, म्हणून 'पुढल्या वर्षी बघू' असे ठरले. आणि ते पुढले वर्ष आले नाही. व्यावसायिक संघाचा विश्रांतिकाळ तारीख ठरवून संपतो, कारण तो संपविण्यात कोणाचा तरी लाभ असतो. गावच्या संघाचा विश्रांतिकाळ संपविण्यास कोणास काही मिळणार नसते. म्हणून विश्रांती केव्हा संपली आणि मरण केव्हा आले हे कोणास कळतही नाही. आमच्याकडे एक वृद्ध नाना आहेत. त्यांनी माझ्या पिढीस दम घालावयास शिकविले. ते अजून दर वर्षी जत्रेपूर्वी त्या मैदानावरील दगड वेचतात व पाणी मारतात. लोक त्यांस हसतात. मीही हसलो होतो. दिंडीचा एवढा सिद्धान्त मांडल्यावर मला उमगले की, त्या मंडळाची वीणा अजून खाली पडलेली नाही. ती ऐंशी वर्षांच्या एका माणसाने एकट्याने धरून ठेवली आहे.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. जूनमध्ये पुतण्यास पुण्यास आणून दाखविले. गुडघ्यातील लिगामेंट तुटले होते. सहा महिन्यांपूर्वी आणले असते तर बरे झाले असते, असे डॉक्टर म्हणाले. ते मला म्हणाले, आणि मी ऐकून घेतले. जुलैत शस्त्रक्रिया झाली. तो चालू लागला आहे, पण पुन्हा खेळेल असे कोणी सांगत नाही. मी त्याच्या संघनिवडीच्या मार्गात काही करू शकलो असतो असे नव्हे. परंतु त्याने एकट्याने काढलेले ते सहा महिने मला कमी करता आले असते.

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी पलटण पुन्हा अंतिम सामन्यास पोहोचली. दिवाळीची सुट्टी होती, म्हणून मी गावीच होतो. दिल्लीस दिल्लीच्याच संघाशी गाठ. पुतण्या पाय पसरून बसलेला, नाना खास बोलावणे धाडून आणलेले, दादा आतबाहेर करीत होते. कारण भातकापणीच्या ऐन वेळी पाऊस आला होता आणि कापून ठेवलेल्या पेंढ्या भिजल्या होत्या. पलटण ३१-२८ अशी तीन गुणांनी हरली. दिल्लीच्या खेळाडूंनी कर्णधारास उचलून घेतले, तेव्हा मी टाळी वाजविली. पुतण्याने माझ्याकडे रागाने पाहिले, मग त्यानेही वाजविली.

दादा दारात उभे होते. त्यांनी विचारले, "हरली का आपली?"

त्यांनी 'आपली' म्हटले हे माझ्या लक्षात आले. त्यांच्या आले नसावे. मी म्हणालो, "हरली. आता पुढल्या सालाची वाट बघायची."

"आमचं तरी दुसरं काय?" असे म्हणून ते भिजलेल्या पेंढ्या उलटावयास खळ्याकडे गेले. पुतण्या नानांस विचारीत होता, जत्रेस सात गडी जमले तर पंच म्हणून उभे राहाल का? नाना म्हणाले, आधी सात जमव. दोघे बोटांवर नावे मोजू लागले. पाचापर्यंत मोजून झाली होती.